रोज सकाळी तोंड दाखवायचं

मध काढायला मोहोळाच्या कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावानं, अशी त्या वाडीची रीत. सख्ख्या भावाच्या हातात दोर द्यायचा नाही. भाऊ झाला तरी तो वाटेकरी, त्याच्या मनात कधी काय येईल त्याचा नेम नाही. बायकोचा भाऊ मात्र जीव गेला तरी दोर सोडणार नाही, कारण सोडला तर कपाळ पांढरं व्हायचं ते त्याच्याच बहिणीचं. डोंगरातल्या माणसांना अडाणी म्हणून हसणाऱ्यांनी हे एकदा नीट ऐकून घ्यावं.

दुसरी रीत मात्र अशी शहाणपणाची नव्हती. दोर झाडाला बांधायचा नाही. बुंध्याला एक वेढा द्यायचा आणि मोकळं टोक हातात धरून बसायचं. बांधतात ती तिरडी. जित्या माणसाचा दोर धरायचाच असतो, असं जुनी माणसं सांगायची. ज्यानं ही रीत घातली त्याला त्या कड्यावर तासभर नेऊन बसवायला हवं होतं.

वाडी मुळशीच्या धरणाच्या पाण्यावर, चढणीला. गोमा तिथलाच. तो तीन वर्षांचा असताना आई गेली आणि पुढं दोन पावसाळ्यांनी बाप गेला. त्याला वाढवलं ते लिलाबाईनं, सात वर्षांनी थोरल्या बहिणीनं. स्वतः एवढीशी पोर, पण त्याला कडेवर मारून लाकडं वेचली, दुसऱ्याची नाचणी काढली, स्वतः अर्धपोटी राहून त्याला भरवलं. सावळ्याशी तिचं लग्न ठरायला आलं तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माजा गोम्या संगं येनार. न्हाई तर मला बी बगू नगा."

सावळ्या हसला. "येऊ दे की. मला बी दोर धराया कुनीतरी लागंलच."

सावळ्या माणूस मोठा बोलघेवडा. चालताना शीळ घालायचा आणि गोमाची टिंगल करायचा. गोमा अबोल, खाली मान घालून काम करणारा. म्हणून सावळ्या त्याला 'खाली मुंडी पाताळ धुंडी' म्हणायचा. गोमाला त्याचा राग आला नाही कधी. बापाचं तोंड त्याला आठवत नव्हतं, त्या जागी त्यानं दाजींनाच बसवलं होतं.

छप्पन सालच्या वैशाखात दोघं पहाटे कड्यावर गेले. दिवस उगवायच्या आत उतरायचं, धूर द्यायचा, पोळं कापायचं आणि वर यायचं, असा नेम. पहिलं पोळं निघालं. मग खालून सावळ्याची हाक आली, "गोम्या, शेजारी अजून एक हाय. सोड जरा." ऊन कड्याला लागत होतं. 'दाजी, ऱ्हाऊ द्या' हे गोमाच्या अगदी ओठापर्यंत आलं. पण थोरल्या माणसाला नको म्हणायची त्याला सवय नव्हती. त्यानं दोर हातभर सोडला, आणि तेवढ्यात आग्या माश्या उठल्या.

वाडीतली माणसं पोचली तेव्हा सावळ्या कड्याच्या तळाशी होता, आणि वर अंजनीच्या झाडाच्या बुंध्याशी गोमा आडवा पडला होता. त्याचं तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. दोर निसटून खाली गेला होता. बघणाऱ्यांनी काय ते समजून घेतलं. माश्यांनी पोराला आधी बेशुद्ध पाडलं आणि मग दोर सुटला. त्यात त्याचा काय दोष, असं सगळे म्हणाले.

लिलाबाई तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती. तिसऱ्या दिवशी ती गोमाच्या उशाशी बसली. हातांतल्या बांगड्या फुटल्या होत्या, मनगटं ओरखडली होती. त्याच हातांनी तिनं त्याच्या तोंडावरचे काटे एकेक करून काढले आणि वर हळद लावली. "तू तरी वाचलास रं माज्या," ती म्हणाली.

गोमा भिंतीकडं तोंड फिरवून पडून राहिला. खरी गोष्ट त्याला एकट्याला ठाऊक होती. तो बेशुद्ध नव्हता. चांगला शुद्धीवर होता. माश्या डोळ्यांवर आल्या आणि त्यानं दोन्ही हात तोंडाकडं नेले. दोन्ही. मग दोर वेढ्यातून सरसर जाताना त्यानं ऐकला. बेशुद्ध तो त्यानंतर पडला. सांगायला गेलं तर ही दोन वाक्यं, पण ती तोंडातून निघेनात. बहिणीनं एक शिवी दिली असती तर कदाचित निघालीही असती. ती माया करत राहिली आणि त्याची वाचा बसली.

तोंडाची सूज उतरल्यावर तो कुणाला न सांगता वाडीतून निघाला तो थेट भुकूमला. तिथं हैबतराव म्हणून बागायतदार होते, त्यांच्याकडं गडी म्हणून राहिला. गडी लाखात एक. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत खपायचा आणि पुढ्यात पडेल ते खायचा. पण मोटेवर काही केल्या उभा राहीना. मोटेचा नाडा, म्हणजे दोर, हातात घ्यायला सांगितलं की तो हात मागं बांधून उभा राहायचा. हैबतराव ओरडले, मग हसले, मग त्यांनी मोटेवर दुसरा गडी ठेवला.

टाळायचं म्हटलं की एक टाळून भागत नाही. आधी गोमानं दोर टाळला. मग दावं टाळलं. बैल बांधायची वेळ आली की तो परसात निघून जायचा. गुळावर माश्या घोंगावायला लागल्या की घरातून पळायचा. पौडच्या रस्त्याला एका वळणावर मुळशीकडचे डोंगर दिसतात, म्हणून त्यानं पौडचा बाजार सोडला. पहिल्या दिवाळीला बहिणीनं निरोप धाडला की पोरगी झाली, साळू नाव ठेवलं, भाऊबीजेला ये. गेला नाही. बहिणीचं नाव कुणी काढलं की कान बंद केल्यागत उठून जायचा. असं करत करत बिचाऱ्याचं जग गोठ्याएवढं झालं.

आणि मग त्याच्या मनात मरायचं यायला लागलं. हे सरळच सांगायला हवं, आडपडद्यानं सांगून कुणाचं भलं होत नाही. आधी तो विचार कधीमधी यायचा आणि गोमा घाबरून कामाला लागायचा. पुढं तो रोज यायला लागला. सगळ्यात वाईट म्हणजे पुढं त्याची भीती वाटेनाशी झाली. गोमाला वाटायचं, आपण उगीच उरलोय. दाजींच्या वाटची भाकरी खातोय.

दुसऱ्या दिवाळीला भाऊबीजेच्या दिवशी लिलाबाई स्वतः भुकूमला आली. भावानं बहिणीच्या दारी जायचं असतं. ही रीत मोडून, सव्वा वर्षाची पोर कडेवर घेऊन, वाटेत एका खेड्यात मुक्काम करून ती आली होती. गोमानं तिला बांधावरूनच ओळखलं आणि तो कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसला. वीस-बावीस वर्षांचा बाप्या आणि लपला पोरासारखा.

हैबतरावांची बायको सगुणाबाई अंगणात आली. तिनं गोमाला दोन हाका मारल्या. लिलाबाईला गंजीआडून त्याचे पाय दिसत होते. तिनं पायांकडं बघितलं. ओसरीवर नारळ ठेवला, तेलाची वाटी ठेवली. मग गंजीकडं तोंड करून म्हणाली, "गोम्या, न्हाई भेटायचं तर नगं भेटूस. पन जेवत जा. लई वाळलाईस." पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेऊन ती आल्या वाटेनं माघारी गेली.

सांजेला सगुणाबाई पाण्याला गेली तर गोमा विहिरीच्या काठावर उभा. त्याच्या उभं राहण्यात काहीतरी असं होतं की तिनं घागर खाली ठेवली आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. बाई हाडापेरानं दणकट.

"मनात काय हाय तुज्या? खरं बोल."

त्याच्या आयुष्यात एवढं सरळ कुणी विचारलं नव्हतं. "जगू वाटंना, मालकीणबाई," तो म्हणाला.

"कवापासनं?"

"वरीस झालं."

सगुणाबाईनं त्याला काठावरून ओढून पायरीवर बसवलं आणि स्वतः त्याच्या आणि विहिरीच्या मधे बसली. देवाधर्माचं काही बोलली नाही. "शेजारच्या गोठ्यात झोपतोस, माज्या हातचं खातोस, आन् वरीसभर ह्ये एकला घिऊन बसलास व्हय? मूठ झाकून ठिवली की काय हुतं? आत हात सडतो." मग म्हणाली, "भनीला का भेटला न्हाईस?"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा सांगितलं. दोन वाक्यंच होती, पण दिवस मावळून अंधार पडेपर्यंत ती सांगून झाली नाहीत. सगळं ऐकून सगुणाबाई म्हणाली, "ह्ये ऐकायचा हक्क माजा न्हाई, तिचा हाय. तिला सांगितल्याबिगर तू मरायचं न्हाईस. आन् सांगितल्यावर काय करायचं त्ये ती ठरवंल."

त्या रात्री तिनं त्याला माजघराच्या दाराशी निजवलं आणि हैबतरावांना त्याच्याशेजारी झोपवलं. सकाळी तिनं गाडी जुंपायला लावली. तिचं माहेर मुळशीकडंच, पाण्याच्या अलीकडं. माहेराला जाते असं सांगून ती गोमाला घेऊन निघाली. डोंगर दिसायच्या वळणावर गोमानं डोळे मिटले. "उगड," सगुणाबाई म्हणाली. त्यानं उघडले. पुढं तो पुन्हा मिटायचा आणि ती पुन्हा तेच म्हणायची. मधे एक रात्र तिच्या माहेरी काढली आणि असं वाडीच्या चढणीपर्यंत चाललं. तिथून त्याला एकट्याला वर जायचं होतं, पण बाई हट्टी. धापा टाकत लिलाबाईच्या झापापर्यंत, म्हणजे खोपटापर्यंत आली आणि दूर चिंचेखाली बसून राहिली.

लिलाबाई दारात हिरडे निवडत होती. गोमाला बघून ती उठली, तशी तिला हातानं थांबवून त्यानं उभ्या उभ्या सांगून टाकलं. "आक्का, मी शुद्धीवर हुतो. मास्या डोळ्यावर आल्या आन् मी दोन्ही हात सोडलं. दोर माज्या हातातनं गेला."

लिलाबाई होती तिथं खाली बसली. झोळीत पोर कुरकुरत होती, तिकडं तिचं लक्ष गेलं नाही. मग तिनं एकच विचारलं, "त्यो काय म्हनला का?"

"'धर रं,' म्हनलं दाजी. येवढंच."

मग मात्र तिचा ताबा सुटला. सूप उचलून तिनं त्याच्या अंगावर फेकलं, हिरडे अंगणभर झाले. "मी तुज्या तोंडाला हळद लावली," ती म्हणाली. "माजा नवरा मसनात जळला त्येचा तिसरा दीस, आन् मी तुज्या तोंडाला हळद लावत बसले. आन् तू लावून घेतलीस." एवढं बोलून ती रडली नाही. सुकलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघत राहिली, आणि ते गोमाला शिव्यांहून जड गेलं.

"सांगायचं त्ये सांगितलं," तो म्हणाला. "आता जातो."

तो वळला तो खालच्या वाटेला नव्हे. कड्याच्या वाटेला वळला. लिलाबाईनं ते बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती धावली, त्याच्या सदऱ्याला मागून धरलं आणि एवढ्या जोरानं ओढलं की सदरा टराटरा फाटला.

"कुटं चाललास? मरायला? तू मेलास तर मी राग कुनावर धरू? दगडावर धरू? त्यो गेला, आता तू बी जा, म्हंजी मी हितं कुनाला बोलू, कुनाला शिव्या घालू?" तिचा श्वास पुरत नव्हता. "माफ केलेलं न्हाई मी तुला. करनार बी न्हाई. पन जगायचं तुला. रोज सकाळी हितं यायचं आन् मला तोंड दाखवायचं. ज्या दिशी मनात ईल त्या दिशी 'आज हाय' म्हनून सांगायचं. मग मी काय करायचं त्ये बगीन."

चिंचेखालून सगुणाबाई उठली, पदर झटकला आणि उतरायला लागली.

गोमानं वाडीच्या खालच्या अंगाला झाप घातलं. दिवसा कुणाच्या बांधावर, कुणाच्या रानात मजुरी करायची. पण दिवस उगवला की आधी बहिणीच्या दारात. पहिली दोन वर्षं लिलाबाई त्याच्याशी बोलली नाही. तो आला की बाहेर यायची, तोंड बघायची आणि आत जायची. भावाला पाण्याचा तांब्या द्यावा एवढंही नाही. वाडीतल्या बायका तिला दगड म्हणायच्या. म्हणोत बापड्या, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

पण 'आज हाय' म्हटलं की ती आत जायची नाही. सूप त्याच्या पुढ्यात सरकवायची. हिरडे असले तर हिरडे, नाहीतर वरी, नाहीतर शिकेकाई. "बस. निवड." मग ती समोर बसून राहायची. दुपार व्हायची, कधी दिवस कलायचा. तो म्हणायचा, "गेलं," तेव्हा ती उठायची. त्या वर्षांत पुष्कळ सकाळी त्यानं 'आज हाय' म्हटलं. एकदा सलग नऊ दिवस म्हटलं आणि नऊ दिवस तिनं मजुरी बुडवली.

एका सकाळी पोर झोळीत रडत होती आणि लिलाबाईचे हात पिठात होते. "दोरी धर," ती आतून म्हणाली. गोमा जागचा हलला नाही. "धर म्हनते न्हवं." त्यानं झोळीची दोरी दोन बोटांत धरली. अंगाला घाम फुटला, पण सोडली नाही. पोर निजली तरी सोडली नाही. शेवटी लिलाबाईनं येऊन त्याची बोटं उकलली. पुढं त्याच्या हातांना बैलाचं दावंही सोसायला लागलं. कड्याखालची वाट मात्र त्यानं कधी मान वर करून ओलांडली नाही. सगळंच बरं होतं असं नाही. होतं असं सांगणारे खोटं सांगतात.

साळू त्याच्याच खांद्यावर वाढली. मामाशिवाय तिचं पान हलायचं नाही. तो आला की ती त्याच्या पाठीवर चढायची आणि बडबडायची. बापाची जीभ घेऊन आली होती. 'आज हाय' म्हणायच्या सकाळी हळूहळू कमी झाल्या. आधी महिन्यातून एक, मग सणावारी, मग वैशाखातच.

सहासष्टच्या उन्हाळ्यात एका सकाळी गोमा आला तर लिलाबाई दारात नव्हती. तो आत डोकावला. ती मेढीच्या खांबाला टेकून बसली होती, चूल थंड होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"आज माजं हाय," ती म्हणाली.

गोमाला आधी काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तो तिच्यासमोर बसला.

"साळूनं काल इचारलं, माजा बाप कसा मेला. मी म्हनलं, मास्यांनी. तुजं नाव घेतलं न्हाई. पोरीला दुसरं कोन हाय? पन खोटं बोलले, त्ये गळ्यात अडाकलं. रातभर बसून हाय अशी." मग म्हणाली, "ह्ये काय आजचं न्हाई, गोम्या. त्यो गेला तवापासनं येतं मनात."

"आन् बोलली न्हाईस?"

"रोज सकाळी ये म्हनले, त्ये काय तुज्या एकल्यासाटी व्हतं? दारात कुनी तरी यायचं हाय म्हनून मी उटत हुते."

दहा वर्षं गोमा समजत होता की मरण आपल्या एकट्याच्या वाट्याला आलंय आणि बहिणीच्या वाट्याला नुसता राग. दहा वर्षांत त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्याला ओक्साबोक्शी रडू आलं. तीही रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

"साळूला मी सांगतो," डोळे पुसून तो म्हणाला. "त्ये माजं हाय. तू कशाला गळ्यात बाळगतीस?"

"ती तुज्याशी बोलनार न्हाई मग."

"न्हाई बोलली तर न्हाई बोलली. मी येत ऱ्हाईन."

साळू पाण्याहून आली. तिनं हंडा उतरवला आणि नेहमीप्रमाणं मामाच्या पाठीवर चढायला आली. गोमानं तिला पुढं बसवलं आणि सांगितलं. बहिणीला सांगितलं होतं त्याच शब्दांत सांगितलं, 'धर रं' सकट. दहा वर्षांची पोर. ऐकताना तिनं त्याच्या हातांकडं बघितलं, मग उठली आणि आईच्या मागं जाऊन उभी राहिली. गोमानं तिला हाक मारली नाही. तो दिवसभर लिलाबाईसमोर बसला. तिच्या पुढ्यात सूप सरकवलं आणि संध्याकाळी ती "गेलं" म्हणाली तेव्हाच उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. लिलाबाई दारात होती.

"तुजं कसं हाय?" त्यानं विचारलं.

"कमी हाय. तुजं?"

"आज हाय," गोमा म्हणाला.

लिलाबाईनं सूप आणलं आणि दोघांच्या मधे ठेवलं. साळू दाराआडून बघत होती. ती बोलली नाही.